खेळयंत्राचे कुलूप आणि कारागिराचा हात

ज्या व्यासपीठावरून राज्यकारभार, शेती आणि संतवाङ्मय ह्यांविषयी बोलावयाचे, तेथून खेळण्यांविषयी बोलण्यास उभे राहिलो की श्रोत्यांच्या मनात थोडी शंका येणारच. घरातील मुले दूरचित्रवाणीसमोर बसून ज्या यंत्रावर तासन्‌तास खेळतात, ते यंत्र इतिहासाचा विषय कसे होऊ शकेल, असे कोणी विचारले तर त्यात त्याची चूक नाही. परंतु खेळ हा आमचा विषय नव्हे. ज्या पेटीतून तो खेळ बाहेर येतो ती पेटी, तिला कारखानदाराने घातलेले कुलूप, आणि ते उघडण्यासाठी कोणकोणती हत्यारे व कोणते कसब लागले, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. ह्या हकीकतीत स्क्रू आहेत, चिमटे आहेत, सोल्डरचा धूर आहे, आणि देशोदेशींची उच्च न्यायालयेही आहेत. विकत घेतलेली वस्तू आपली म्हणजे कितपत आपली, हा जुना प्रश्न तिच्यात पुन्हा नव्याने उभा राहिलेला आहे.

घरच्या दूरचित्रवाणीला जोडावयाचे पहिले खेळयंत्र १९७२ साली अमेरिकेत ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ ह्या नावाने विक्रीस आले. त्याची मूळ कल्पना राल्फ बेअर ह्या अभियंत्याची. पुढील दहा वर्षांत अमेरिकेत ह्या धंद्याला असा पूर आला की, जो उठला तो खेळांची काडतुसे काढू लागला. त्यांना प्लॅस्टिकच्या आकारावरून काडतूस म्हणतात, इतकेच. माल वाईट, भाव पडलेले, दुकानदार हैराण, अशा स्थितीत १९८३ साली तो बाजार कोसळला. त्याच वर्षी जपानात निंटेंडो कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र काढले होते. ते अमेरिकेत न्यावयाचे तर पुन्हा तसा पूर येऊ द्यावयाचा नाही, असा त्या कंपनीने निश्चय केला. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या तिच्या यंत्रात म्हणून एक कुलूप होते. जपानी फॅमिकॉमला ते नव्हते. कुलपाची कल्पना कलेच्या किंवा ज्ञानाच्या रक्षणासाठी निघाली नाही, तर बाजारपेठेच्या भीतीतून निघाली, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील पुष्कळसा इतिहास समजणे सोपे जाते.

हे कुलूप म्हणजे एक बारीकशी चिप. तशीच दुसरी चिप प्रत्येक अधिकृत काडतुसात. यंत्र सुरू झाले की दोन्ही चिपा एकच आकडेमोड आपापल्या ठिकाणी करू लागतात आणि परस्परांचे उत्तर पडताळून पाहतात. उत्तरे जुळली तर खेळ चालू. न जुळली तर यंत्रातील चिप मुख्य प्रोसेसरला पुन्हा आरंभापासून सुरू करावयास लावते, आणि दर सेकंदाला असे होत राहिल्यामुळे पडदा नुसता लुकलुकत राहतो. दोन पहारेकऱ्यांनी रात्रभर एकमेकांना परवलीचा शब्द विचारीत राहावे, तसा हा प्रकार.

परंतु पहारेकऱ्याच्या हातून चोर सुटतो आणि घरचा माणूस पकडला जातो, हा अनुभव येथेही आला. काडतूस यंत्रात सरकवून खाली दाबण्याची जी रचना होती, तिच्यातील ७२ टोकांची पट्टी काही वर्षांत ढिली पडे. संपर्क नीट न आला की चिपांचे संभाषण तुटे, आणि दुकानातून रीतसर घेतलेले काडतूसही लुकलुकू लागे. अमेरिकेतील एका संपूर्ण पिढीने त्या काळी काडतुसात फुंकर मारून ते पुन्हा बसविले. फुंकरीतील ओल टोकांना वाईटच, पण काडतूस काढून पुन्हा बसविल्याने संपर्क कधीकधी नीट येई, आणि श्रेय फुंकरीला जाई. ह्यावर खरा उपाय फारच साधा निघाला. यंत्रातील चिपच्या चौथ्या पायाला वीजदाब मिळाला तर ती कुलूप म्हणून वागते, तो पाय जमिनीस जोडला तर किल्ली म्हणून. किल्ली कोणाला अडवीत नाही. सबब तो एक पाय कापावयाचा, उचलावयाचा आणि ग्राउंडला जोडावयाचा. हत्यारे कोणती? साधा चौफुली पेचकस, धारदार लहान पकड, तारेचा तुकडा आणि सोल्डरिंगचे हत्यार. दहा मिनिटांचे काम. पण कोणता पाय आणि का, हे ठाऊक असणे हे दहा मिनिटांचे काम नव्हते.

काडतुसांची गोष्ट याहून गमतीची आहे. प्रथमच्या काडतुसांना साधे खाचेचे स्क्रू होते. पुढे कंपनीने असे स्क्रू बसविले की ज्यांच्या माथ्यावर खाच नाही, चौफुली नाही, तर बाहेरून कंगोरे असलेले बारीक डोके आहे. काडतुसांसाठी ३.८ मिलिमीटरचे आणि पुढील यंत्रांच्या पेट्यांसाठी ४.५ मिलिमीटरचे. त्यांना बसणारा पाना साध्या दुकानात मिळत नसे. तेव्हा मुलांनी काय केले, तर बॉलपेनची रिकामी प्लॅस्टिकची नळी घेतली, तिचे टोक ज्योतीवर धरून मऊ केले, स्क्रूच्या डोक्यावर दाबले आणि थंड होऊ दिले. डोक्याचे कंगोरे प्लॅस्टिकवर उमटले, आणि पाना तयार! कुलपाच्याच अंगावरून किल्लीचा साचा काढण्याची ही रीत लोहाराला पूर्वीपासून ठाऊक आहे. आज हे पाने कोठेही अल्प किमतीत मिळतात, आणि त्या स्क्रूंनी नेमके कोणाला अडविले हा प्रश्न उरतोच.

कंपन्या-कंपन्यांतील झगडा मात्र बॉलपेनने सुटणारा नव्हता. अटारी गेम्स ह्या कंपनीला निंटेंडोच्या परवानगीवाचून काडतुसे काढावयाची होती. तिच्या अभियंत्यांनी चिपचे थर रसायनांनी सोलून सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याचा प्रयत्न केला. तेवढ्याने काम भागले नाही. तेव्हा १९८८ साली कंपनीच्या वकिलाने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडे, आमच्यावर खटला चालू आहे, असे खोटेच सांगून निंटेंडोने तेथे नोंदविलेल्या आज्ञावलीची प्रत मिळविली. तिच्या साहाय्याने बनविलेली चिप चालली खरी. परंतु न्यायालयात ती उघडी पडली, कारण कुलूप उघडण्यास ज्यांची गरज नव्हती असे भागही तिच्यात उतरले होते. १९९२ साली निकाल विरुद्ध गेला. तरीही त्याच निकालात न्यायालयाने असे म्हटले की, वस्तू उघडून तिचे कार्य समजून घेणे हे स्वतः गैर नाही. गैर आहे ती लबाडीने मिळविलेली प्रत. त्याच वर्षी सेगा आणि अ‍ॅकोलेड ह्यांच्या खटल्यात दुसऱ्या एका अमेरिकी अपील न्यायालयाने हेच तत्त्व अधिक स्पष्टपणे मान्य केले. आमच्या मते हे दोन निकाल एकत्र वाचले पाहिजेत. अभ्यास करणारा आणि खोटी सही करणारा ह्यांत कायद्याने भेद केला, आणि तो योग्य केला.

आपल्याकडे ह्या कुलपाची कोणाला खबरही नव्हती. १९९० च्या दशकात भारतात ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ म्हणून जी यंत्रे घरोघर आली, त्यांतील बहुतेक जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉमलाच कुलूप नसल्यामुळे नकलेतही ते नव्हते. एकाच काडतुसात हजारो खेळ असल्याचे वेष्टनावर लिहिलेले असे. प्रत्यक्षात पाचपन्नास खेळ पुनःपुन्हा येत. ही यंत्रे बिघडली की रेडिओ-दूरदर्शन दुरुस्त करणाऱ्याकडे जात, आणि तो ती उघडून नीट करी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तर अशा कामाची पाठशाळाच. तेथे सुटे भागही मिळत आणि सल्लाही मिळे, आणि बहुधा दुसरी गोष्ट अधिक मोलाची असे.

आता हत्यारांतील मुख्य हत्याराकडे वळू. झाळकाम, ज्याला आता सर्वजण सोल्डरिंगच म्हणतात, त्याचे तत्त्व आपल्या घरातील जुन्या माणसांस अपरिचित नाही. कल्हईवाला भांडे तापवितो, त्यावर नवसागर टाकतो आणि मग कथील फिरवितो. नवसागर कशासाठी? तापल्या धातूवर हवेने जो मळ चढतो तो काढण्यासाठी. मळ असेल तर कथील थेंब होऊन पळते, मळ निघाला की ते पसरते. सोल्डरिंगमध्ये नवसागराच्या जागी राळ, आणि भांड्याच्या जागी चिपचा पाय, एवढाच फरक. जुन्या यंत्रांतील सोल्डर ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असे, व ते १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळे. शिसे विषारी म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून नव्या मालात ते जवळजवळ बंद केले. त्याजागी आलेली मिश्रधातू सुमारे २१७ अंशांस वितळते. सुमारे चौतीस अंशांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताला तो लगेच कळतो. उष्णता अधिक द्यावी लागते, आणि अधिक उष्णतेने पट्ट्याच उखडतात.

ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या हाताने आम्ही एका जुन्या यंत्राची तांब्याची पट्टी मुळासकट उखडली आहे. चूक अशी झाली की, सोल्डर वितळत नाही असे पाहून आम्ही हत्यार दाबले. शिकविणाऱ्याने नंतर सांगितले की दाब कधीच द्यावयाचा नसतो. टोक स्वच्छ करून त्यावर थोडे ताजे सोल्डर घ्यावयाचे, ते पुलासारखे उष्णता वाहून नेते, आणि मग जोड दोन-तीन सेकंदांत सुटतो. उखडलेल्या पट्टीच्या जागी बारीक तार जोडून यंत्र चालू झाले, पण त्या तारेकडे पाहिले की अजूनही ओशाळल्यासारखे होते. दुसरा धडा आमच्या नात्यातील एकांनी दिला. त्यांनी अमेरिकेतून आणलेले यंत्र येथील २३० व्होल्टच्या भिंतीला लावले. ते १२० व्होल्टचे होते. पुढे काय झाले ते सांगावयास नको. म्हणून ह्या कामातील पहिले हत्यार सोल्डरिंगचे नव्हे, मल्टिमीटर होय. आणि पहिले कसब म्हणजे उघडण्यापूर्वी पेटीमागील अक्षरे वाचणे. ज्या यंत्रांचा वीजपुरवठा पेटीतच असतो, त्यांतील मोठा कपॅसिटर बटण बंद केल्यावरही काही वेळ विजेने भरलेला राहतो, हेही येथेच सांगितलेले बरे.

१९९४ च्या डिसेंबरात जपानात सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन’ आले आणि काडतुसाच्या जागी तबकडी आली. तबकडीची नक्कल करणे सोपे, म्हणून कुलूप अधिक चतुर करण्यात आले. तबकडीच्या आरंभीच्या भागातील सर्पिल रेघ कारखान्यात मुद्दाम किंचित थरथरती काढलेली असे. त्या थरथरीत चार अक्षरांचा संकेत दडविलेला होता. जपानसाठी एक, अमेरिकेसाठी दुसरा, युरोपसाठी तिसरा. वाचणारे भिंग रेघेचा पाठलाग करताना जी हालचाल करी, तिच्यातून यंत्र हा संकेत वाची. घरच्या यंत्रावर तबकडीची प्रत काढली तर माहिती सारी उतरे, थरथर मात्र उतरत नसे. कारण कोऱ्या तबकडीवरील रेघ तिच्या कारखान्यातच ठरून गेलेली असते. अक्षर सारखे उमटले, पण लिहिणाऱ्याचा हात कापत होता तो कंप उमटला नाही, असे म्हणा. कल्पना खरोखर सुंदर होती.

तिचा पराभव आठ पायांच्या एका स्वस्त चिपने केला. बाजारात सहज मिळणारा एक लहान मायक्रोकंट्रोलर घेऊन त्यात तो चार अक्षरांचा संकेत भरावयाचा, आणि तारांनी तो यंत्रातील तबकडी-नियंत्रकाच्या मार्गावर जोडावयाचा. यंत्र सुरू झाले की चिप खोटेच सांगे : थरथर सापडली, संकेत बरोबर आहे. मग प्रत चाले, आणि परदेशी तबकडीही चाले. ह्या दोन गोष्टी एकाच तारेतून घडल्या, व पुढील सारा वाद त्यामुळेच गुंतागुंतीचा झाला. पुढे खेळ लिहिणाऱ्यांनी उलट डाव टाकला. जेथे संकेत असावयाचाच नाही अशा जागी यंत्राला तो शोधावयास लावले. तेथेही तो मिळाला, म्हणजे कोणी खोटे बोलत आहे! त्यावर चिपवाल्यांनी, काम झाले की गप्प बसणारी चिप काढली. खोटे बोलणाऱ्याने कोठे थांबावे हेही शिकावे लागते.

ह्या कामास लागणारे कसब पूर्वीपेक्षा वेगळे होते. पाय कापणे आता पुरेसे नव्हते. एकमेकांपासून एक मिलिमीटरहूनही कमी अंतरावर असलेल्या पायांपैकी नेमक्या एकावर केसासारखी तार जोडावयाची, शेजारच्या पायास सोल्डर लागू द्यावयाचे नाही, आणि लागलेच तर तांब्याच्या विणलेल्या पट्टीने ते शोषून घ्यावयाचे. शिवाय त्याच नावाच्या यंत्राचे फलक वर्षागणिक बदलत, म्हणून फलकावरील क्रमांक वाचून त्याचा नकाशा शोधावयाचा. पातळ टोकाचे हत्यार, पातळ सोल्डर, भिंग, चांगला उजेड आणि हाताखाली आधार. ज्यांना हे जमले नाही त्यांनी झाकणाचे बटण दाबून धरून, फिरणारी मूळ तबकडी काढून तिच्या जागी दुसरी टाकण्याची युक्ती केली. तीही चाले, परंतु तिला कारागिरी म्हणण्यास आम्ही तयार नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एडी स्टीव्हन्स ह्या गृहस्थांनी अशा चिपा विकल्या आणि बसवून दिल्या. सोनीने त्यांच्यावर फिर्याद केली. २००२ साली पहिल्या न्यायाधीशांनी स्टीव्हन्स ह्यांच्या बाजूने निकाल दिला, २००३ साली अपिलात तो फिरला, आणि ६ ऑक्टोबर २००५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पायरीच्या न्यायालयाने एकमताने पुन्हा स्टीव्हन्स ह्यांच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाचे म्हणणे असे की, कायदा ज्यांचे रक्षण करतो ती साधने प्रत काढण्यास अडविणारी असली पाहिजेत. हे कुलूप प्रत काढण्यास अडवीत नव्हते. काढून झालेली प्रत खेळण्यास अडवीत होते. वरवर हा शब्दच्छल वाटेल. पण त्यामागे एक साधी गोष्ट होती. परदेशी गेलेल्या माणसाने तेथे पैसे मोजून घेतलेली अस्सल तबकडीही ते कुलूप घरी चालू देत नव्हते, आणि ग्राहकांच्या हिताकडे पाहणाऱ्या तेथील सरकारी आयोगाने न्यायालयापुढे हेच मांडले होते. पुढे २००६ साली अमेरिकेशी झालेल्या व्यापारकरारास अनुसरून त्या देशाने कायदाच बदलला. म्हणजे स्टीव्हन्स खटला जिंकले, पण त्यांचा धंदा जिंकला असे म्हणता येणार नाही. आपल्याकडे २०१२ साली प्रताधिकार अधिनियमात ६५अ हे कलम आले. त्यात अशी साधने मोडण्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे, परंतु प्रताधिकाराचा भंग करण्याचा हेतू असेल तर. हे ‘तर’ आम्हांला महत्त्वाचे वाटते.

१५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स’ विक्रीस आले. पेटीचे सहा स्क्रू षट्कोनी ताऱ्याच्या आकाराचे, आणि तेही तळाच्या रबरी पायांखाली व चिकटपट्टीखाली दडविलेले. पण खरे कुलूप फार आत होते. अँड्र्यू हुआंग हे त्या वेळी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेटचे विद्यार्थी होते. त्यांनी यंत्रातील स्मृतिचिप काढून वाचली, तेव्हा तिच्यातील आरंभाची आज्ञावली यंत्राच्या प्रत्यक्ष वागण्याशी जुळेना. ती जणू चकविण्यासाठी ठेवलेली होती. खरी आज्ञावली, अवघ्या ५१२ बाइटांची, दुसऱ्याच एका चिपच्या पोटात होती, आणि गुप्त किल्ली तिच्यातच होती. चिपच्या पोटात सुईने शिरणे घरच्या माणसाचे काम नव्हे. परंतु आज्ञावली कोठेही दडलेली असो, यंत्र सुरू होताना तिला मुख्य प्रोसेसरपर्यंत तारांवरूनच यावे लागणार. मग तारेवरच का ऐकू नये?

ऐकणे सोपे नव्हते. मुख्य स्मृतीकडे जाणारा मार्ग १२८ तारांचा, तो सोडून दिला. दोन चिपांमधील दुसरा मार्ग थोड्या तारांचा होता, पण त्यावरून सेकंदाला ४० कोटी बाइट वाहत होते. हुआंग ह्यांनी त्या तारांना चिकटविता येईल असा छोटा फलक बनविला, हव्या तशा जोडता येणाऱ्या लॉजिक-चिपच्या साहाय्याने तो वेग पकडला, आणि यंत्र सुरू होण्याच्या क्षणी जे काही वाहून गेले ते लिहून घेतले. त्यात ती किल्ली होती. येथे हाताचे कसब आणि बुद्धीचे कसब अशा ठिकाणी मिळाले आहे की, एकाला दुसऱ्यापासून वेगळे करता येत नाही. सोल्डर अचूक नसता तर संकेत ऐकू आला नसता. आणि कोणती तार ऐकावयाची हे कळले नसते तर सोल्डर कितीही अचूक असून व्यर्थ.

पुढचा प्रसंग सर्वांत उद्बोधक आहे. आपले काम प्रसिद्ध करावयाचे, तर १९९८ च्या अमेरिकी कायद्याची टांगती तलवार. विद्यापीठाच्या कायदेशीर विभागाने ह्या कामाशी आपला संबंध नाही असे पत्र देऊन हात झटकले. मित्रांनी व नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एका संस्थेने साहाय्य केले, आणि २००२ च्या उन्हाळ्यात तो निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर पुस्तक लिहिले, तर ते छापण्याचे कबूल केलेल्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने ऐन वेळी भीतीने माघार घेतली. हुआंग ह्यांनी ते प्रथम स्वतःच काढले, मग २००३ साली दुसऱ्या एका प्रकाशकाने घेतले. हे पुस्तक गुप्त किल्लीने सुरू होत नाही. स्क्रू कसे काढावेत, मग समोरच्या हिरव्या दिव्याच्या जागी निळा दिवा कसा बसवावा, मग बिघडलेला वीजपुरवठा कसा बदलावा, अशा पायऱ्या चढत ते जाते. आमच्या पाहण्यातील शिक्षणशास्त्राच्या कित्येक ग्रंथांपेक्षा ह्या क्रमात अधिक शिक्षणशास्त्र आहे. २०१३ साली आरन स्वार्ट्झ ह्या तरुणाच्या मृत्यूनंतर हुआंग ह्यांनी त्याच्या स्मरणार्थ ते पुस्तक सर्वांना विनामूल्य खुले केले.

पुढील दोन हकीकती थोडक्यात सांगतो. निंटेंडोच्या ‘वी’ ह्या यंत्रात जुन्या पिढीचे खेळ चालत असताना स्मृतीचा थोडाच भाग त्या खेळांस दिसे. बाकीच्या भागात गुप्त किल्ल्या तशाच पडून राहत. एका मंडळाने २००७ साली चक्क चिमट्याने फलकावरील दोन बिंदू जोडून ही खिडकी सरकविली आणि पलीकडचे वाचून घेतले. २०१८ साली ‘स्विच’ ह्या यंत्रात मुख्य चिपच्या जन्मतःच कोरलेल्या आज्ञावलीत दोष सापडला. तिथवर पोचण्यासाठी उजव्या बाजूच्या पट्टीतील दहावे टोक ग्राउंडला जोडावयाचे होते, आणि ते कागदाला लावण्याच्या टाचणीच्या तारेनेही होई. कोरलेले खोडता येत नाही, म्हणून विकल्या गेलेल्या यंत्रांत तो दोष तसाच राहिला. कुलूप जितके महाग, तितके उघडणारे हत्यार स्वस्त, असे वाटण्यासारखी ही उदाहरणे आहेत. पण चिमटा स्वस्त होता. कोठे टेकवावयाचा हे शोधण्यास महिने लागले होते.

ह्या विद्येचा उपयोग फुकट खेळण्यासाठी पुष्कळांनी केला, हे लपविण्यात अर्थ नाही. खेळ लिहिणारा माणूसही कारागीरच आहे, आणि त्याची मजुरी बुडविणाऱ्याने स्वातंत्र्याची भाषा बोलू नये. परंतु आज ह्याच हत्यारांचे मोठे काम दुसरे आहे. ही यंत्रे म्हातारी झाली आहेत. मूळ फॅमिकॉम दूरचित्रवाणीला अँटेनाच्या वाटेने जोडावयाचा. आजच्या पुष्कळ संचांवर त्याचे चित्र उमटतच नाही. मग चित्र तयार करणाऱ्या चिपच्या एकविसाव्या पायावरून संकेत घ्यावयाचा, एका ट्रान्झिस्टरने त्याला बळ द्यावयाचे आणि नवी खोबण बसवावयाची. पहिल्या एक्सबॉक्समधील घड्याळाचा कपॅसिटर कालांतराने गळतो, आणि त्यातील द्रव शेजारच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. तो न काढता यंत्र माळ्यावर ठेवले, तर यंत्र न वापरताच मरते. ज्यांना दोन्ही हात वापरता येत नाहीत अशा मुलांसाठी हातातील नियंत्रक उघडून, प्रत्येक बटणाची तार बाहेर काढून, ती मोठ्या बटणांना जोडून देणारे कारागीर होते. मायक्रोसॉफ्टने अशी सोय असलेला नियंत्रक स्वतः विकावयास काढला तो २०१८ साली.

तबकडी वाचणाऱ्या भागाची गोष्ट ह्याच वळणाची आहे. अलीकडच्या यंत्रांत तो भाग मुख्य फलकाशी गुप्त किल्लीने बांधलेला असतो. तो बिघडला म्हणून दुसऱ्या तशाच यंत्रातील चांगला भाग काढून बसविला, तर यंत्र त्याला ओळखत नाही. दुरुस्ती करणारे म्हणून जुन्या भागाचा छोटा फलक काढून नव्या भागावर जोडतात, म्हणजे नव्या देहात जुना आत्मा. अमेरिकेत ह्या दुरुस्तीसाठी कुलूप उघडणे कायदेशीर करावे अशी मागणी वर्षानुवर्षे होत होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती मान्य झाली, पण तेवढ्याच भागापुरती, आणि दुरुस्तीनंतर कुलूप पुन्हा होते तसे करावे ह्या अटीवर.

शेवटी एक लहान काम सांगतो, कारण ते श्रोत्यांपैकी कोणालाही करावेसे वाटेल. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’ ह्या काडतुसात, आणि पुढे तशा पुष्कळांत, नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असे. मुलाने जेथवर खेळ नेला असेल ती नोंद यंत्र बंद झाल्यावरही त्या बॅटरीच्या बळावर राही. ह्या बॅटऱ्या आता संपत आहेत. नवी बसविता येते; पण जुनी काढली की नोंद गेली. म्हणून जाणते कारागीर जुनी काढण्यापूर्वी दुसरी बॅटरी दोन तारांनी समांतर जोडून ठेवतात, मग जुनीच्या पट्ट्या सोडवितात, नवी लावतात, आणि सर्वांत शेवटी त्या तारा काढतात. धन-ऋण आधी मल्टिमीटरने पाहावे. तीस वर्षांपूर्वी कोणी लिहून ठेवलेले नाव पडद्यावर पुन्हा उमटते की नाही, ते यंत्र लावल्यावर कळते.